लंडनला पहिल्यांदा जाताय? आधी भरतीची वेळ बघा

पुण्याहून एका ताईंचा प्रश्न आलाय. जूनमध्ये त्या आई-बाबांना घेऊन चार दिवस लंडनला निघाल्यात. तिघांचीही युरोपची पहिलीच खेप. बाबा बहात्तर वर्षांचे, गुडघे दुखतात. आई शाकाहारी, आणि नुसत्या इमारती बघत हिंडायचा त्यांना कंटाळा. मागच्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्यांनी सांगितलं, "बिग बेन फोटोत दिसतं तसंच आहे. बाकी रांगा, चालणं आणि खर्च." ताई विचारतात, पहिल्यांदा जाणाऱ्याला लंडन खरंच एवढंच वाटतं का? आणि आम्ही चार दिवस कसे लावावेत?

ताई, तुमचे शेजारी खोटं सांगत नाहीत. मी एकोणीस वर्षं मराठी मंडळींना घेऊन लंडनला जाते आणि पहिल्या दिवशी दुपारी निम्म्या लोकांच्या चेहऱ्यावर मला हेच दिसतं. आपण लंडन आधीच पाहिलेलं असतं. शाळेच्या पुस्तकात, सिनेमात, बिस्किटांच्या डब्यावर. दोन मजली लाल बस, घड्याळाचा मनोरा, मधोमध उघडणारा पूल. त्यामुळे तिथे गेल्यावर माणूस बघत नाही, ताडून घेतो. ओळख पटली, फोटो काढला, चला पुढे. दिवसभर असं केलं की संध्याकाळी पाय तेवढे दुखतात.

सुरुवातीच्या वर्षांत मीही लोकांना असंच फिरवलं. एका दिवसात सात-आठ ठिकाणं. एकदा रात्री जेवताना गटातल्या एका काकूंनी शांतपणे विचारलं, "आज आपण कुठे कुठे गेलो गं?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. आयुष्यभर साठवलेल्या पैशातून त्या आल्या होत्या.

त्यानंतर मी बेत बदलला, आणि त्याला कारण झालं माझं गाव. मी दाभोळची. वाशिष्ठीच्या खाडीवर वाढले, धोपाव्याला जायच्या तरीची, म्हणजे होडीची, वेळ आणि पाण्याची वेळ एकत्रच शिकले. एकदा सकाळी वेस्टमिन्स्टर पुलावरून थेम्स पाहिली तेव्हा पाणी काठोकाठ होतं. दुपारी त्याच पुलावर परत आले तर खाली चिखल उघडा पडलेला, दगडगोटे, शेवाळाने हिरव्यागार झालेल्या पायऱ्या, आणि त्या चिखलात काहीतरी टिपणारे पक्षी. मी जागच्या जागी थांबले. इतकी वर्षं जिला मी नदी म्हणत होते, ती तर खाडी होती.

समुद्र लंडनपासून दूर आहे, तरी भरती अख्खं शहर ओलांडून पश्चिमेला टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत चढते. लंडन ब्रिजपाशी उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाणी सुमारे ७ मीटर वर-खाली होतं. मुंबईत उधाणाची भरती ५ मीटरच्या आसपास म्हणजे मोठी समजतात, यावरून अंदाज करा. दोन मजली घर बुडेल एवढं पाणी दिवसातून दोनदा शहराच्या मध्यातून येतं आणि जातं, आणि बहुतेक पर्यटक घड्याळाच्या मनोऱ्याकडे बघत असल्यामुळे त्यांच्या ते लक्षातच येत नाही. हे चित्रात दिसत नाही. त्यासाठी तिथे दोनदा उभं राहावं लागतं. म्हणून माझं सांगणं असं की, तुमचे चार दिवस पाण्याच्या वेळेवर बांधा. जी ठिकाणं बघायचीत ती सगळी त्यात आपोआप बसतात, कारण जुनं लंडन या पाण्याच्या काठानेच वसलंय.

भरतीच्या वेळा पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटी रोजच्या रोज जाहीर करते. पण निघायच्या आधी घरच्या कालनिर्णयवरूनही अंदाज येतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास लंडन ब्रिजपाशी पूर्ण भरती साधारण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान येते, म्हणजे सुकती (पूर्ण ओहोटी) सकाळी आठ-नऊला आणि पुन्हा रात्री तेवढ्याच सुमाराला. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, उलट, भरती सकाळी आणि रात्री, आणि पाणीही तितकं हलत नाही. त्यातलं मोठं उधाण अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी, आपल्याकडे कोकणात असतं तसंच. तुमच्या तारखा बघून हे मांडून ठेवा.

पहिला दिवस. विमानतळावरून हॉटेलात सामान टाकलं की संग्रहालय नको, तिकीट नको. वेस्टमिन्स्टर पुलावर जा. मनोऱ्याचं नाव एलिझाबेथ टॉवर, बिग बेन हे आतल्या घंटेचं नाव, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. फारसं कुणी सांगत नाही ते असं की ती १३.७ टनांची घंटा १८५९ मध्ये वाजायला लागली आणि त्याच वर्षी तिला तडा गेला. चारेक वर्षं तासांचे ठोके दुसऱ्या घंटेवर पडत होते. मग ती थोडी फिरवून ठेवली, हातोडा हलका केला आणि तड्यासकट पुन्हा वाजू लागली. आज ऐकू येतो तो तडा गेलेल्या घंटेचा आवाज आहे. म्हणून तासाच्या ठोक्याला दोन मिनिटं बाकी असताना पुलावर पोचायचं, फोन खिशात ठेवायचा आणि डोळे मिटून ऐकायचं. बाबांना तर नक्की सांगा.

तिथून उत्तरेच्या काठाने, म्हणजे व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवरून, वॉटर्लू पुलापर्यंत चाला. सव्वाएक किलोमीटर असेल, वाटेत बाकं आहेत. संपूर्ण लंडनमध्ये मला सर्वात प्रिय असलेला हा तुकडा आहे आणि मी त्याला पूर्ण संध्याकाळ देते.

ज्या रस्त्यावरून तुम्ही चालाल, तिथे दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी पाणी होतं. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सला इतकी दुर्गंधी सुटली की संसदेच्या खिडक्यांचे पडदे ब्लीचिंगच्या द्रावणात भिजवून टांगावे लागले. सगळ्या शहराचं सांडपाणी नदीत जायचं, आणि भरती-ओहोटीमुळे ते वाहून न जाता पुढे-मागे हेलकावत राहायचं. खाडीकाठच्या माणसाला हे लगेच समजतं. जोसेफ बॅझलगेट या इंजिनिअरने मग काठाला समांतर मोठी गटारं बांधून सांडपाणी शहराच्या पूर्वेला नेलं, आणि त्या कामात नदीत भराव घालून हा बांधीव काठ उभा केला. तो १८७० मध्ये खुला झाला. चारिंग क्रॉसच्या रेल्वे पुलाजवळ नदीच्या भिंतीलाच बॅझलगेटचं स्मारक आहे, त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, त्याने नदीला बेड्या घातल्या.

बेड्या किती घट्ट, ते बघायला रस्ता ओलांडून शेजारच्या बागेत जा. हिरवळीच्या कडेला एक दगडी दरवाजा एकटाच उभा आहे, पुढे चार पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या खाली गवत. हे यॉर्क वॉटरगेट, १६२६ चं. एका सरदाराच्या वाड्याचा हा घाट होता, इथे होडी लागायची. आता नदी तिथून शंभर मीटरहून जास्त लांब आहे. मुंबईकरांना भरणी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पण कोरड्या गवतात उतरणारा तो घाट बघितला की गटातली सगळी माणसं गप्प होतात, हे मी दर वेळी अनुभवते. मागचा मोठा रस्ता स्ट्रँड. त्या शब्दाचा अर्थच किनारा.

परत काठावर या. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला ब्राँझचे सिंहाचे मुखवटे लावलेत, तोंडात होड्या बांधायच्या कड्या. लंडनकरांची जुनी म्हण आहे की सिंह पाणी प्यायले की लंडन बुडालं. ती भीती उगीच नव्हती. १९५३ मध्ये उत्तर समुद्रातल्या वादळाने इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर तीनशेहून जास्त माणसं दगावली, आणि त्यातूनच पुढे वूलिचला नदीच्या पात्रात उचलते दरवाजे बसवले गेले, थेम्स बॅरियर. १९८४ मध्ये त्याचं रीतसर उद्घाटन झालं. मोठं उधाण आणि वादळ एकत्र आलं की ते दरवाजे लावतात, आणि सिंहांपर्यंत पाणी पोचत नाही.

पुढे एक इजिप्तचा दगडी स्तंभ लागेल, क्लिओपात्राची सुई म्हणतात. साडेतीन हजार वर्षांचा. १८७७ मध्ये लोखंडी नळकांड्यात घालून समुद्रातून ओढत आणताना बिस्केच्या उपसागरात वादळ झालं आणि सहा खलाशी गेले. स्तंभ वाचला. १८७८ मध्ये इथे उभा केला. शेजारच्या स्फिंक्सवर पहिल्या महायुद्धातल्या बॉम्बच्या खुणा आहेत, बोट घालून बघा. याच्या पायथ्याशी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. खाली उतरू नका, त्या फार निसरड्या असतात. पण आईंना काठावरून मोजायला सांगा, किती पायऱ्या उघड्या आहेत. तो आकडा आणि वेळ लिहून ठेवा. आपल्याला तो शेवटच्या दिवशी लागणार आहे.

शेवट वॉटर्लू पुलाच्या मध्यावर करा. इथे नदी वळण घेते, त्यामुळे एका बाजूला संसद आणि दुसऱ्या बाजूला सेंट पॉल्सचा घुमट एकाच जागेवरून दिसतो. हा पूल दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधला गेला. पुरुष लढाईवर असल्याने कामावर मोठ्या संख्येने बायका होत्या. आजही त्याला बायकांचा पूल म्हणतात. जूनमध्ये सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो, तेव्हा घाई काहीच नाही.

दुसरा दिवस पूर्ण पाण्यावर. सकाळी टॉवर ऑफ लंडन उघडताक्षणी आत शिरा आणि बाकी सगळं सोडून थेट रत्नागारात जा. तासाभरात तिथे लांबलचक रांग लागते. तिकीट महाग आहे, माणशी तीस पौंडांच्या वर, तरीही या एका जागेचं तिकीट काढा असं मी सांगते. मुकुटांसमोर सरकता पट्टा आहे, उभं राहिलं की तो पुढे घेऊन जातो. फोटो काढू देत नाहीत. कोहिनूर १९३७ साली राणीसाठी बनवलेल्या मुकुटात जडवलेला आहे. १८४९ मध्ये शीख राज्य खालसा केल्यावर दहा वर्षांच्या महाराजा दुलीपसिंगाकडून तो घेतला, आणि १८५२ मध्ये पुन्हा पैलू पाडताना १८६ कॅरेटचा १०५ वर आला. आपली माणसं इथे आली की पट्ट्यावरून उतरून पुन्हा मागे जाऊन उभी राहतात. दोनदा, तीनदा. कुणी काही बोलत नाही. तुम्हालाही पुन्हा जावंसं वाटेल. खुशाल जा, कुणी अडवत नाही.

मधला व्हाइट टॉवर विल्यम द कॉन्करर राजाने १०७८ च्या सुमारास सुरू केला. त्यात गोल, अरुंद दगडी जिने आहेत, बाबांनी बाहेरूनच बघावा. त्याऐवजी टॉवरच्या गणवेशातल्या पहारेकऱ्यांबरोबरची फेरी घ्या, ती तिकिटातच आहे. आणि नदीकडच्या अंगाला असलेलं ट्रेटर्स गेट बघा. कैद्यांना होडीतून याच कमानीखालून आणायचे.

बाहेर आलात की टॉवर ब्रिज समोरच. त्यालाच पुष्कळ लोक लंडन ब्रिज म्हणतात. खरा लंडन ब्रिज त्याच्या अलीकडचा साधा काँक्रीटचा, १९७३ चा. टॉवर ब्रिज १८९४ चा, आणि तो वर्षाला आठशेच्या आसपास वेळा उघडतो. वेळा आधी जाहीर होतात. त्या बघून तुमचा दिवस थोडा मागे-पुढे करावा लागला तरी करा. नियम असा की पाण्यावरच्याला आधी वाट. चोवीस तास आधी कळवलं की उंच डोलकाठीच्या एखाद्या लहान शिडाच्या होडीसाठीसुद्धा घंटा वाजते, सगळ्या बस आणि मोटारी थांबतात आणि पूल दोन्ही बाजूंनी उचलला जातो. पैसे न घेता. एवढ्या पैशाच्या शहरात एका होडीसाठी रस्ता थांबतो, हे बघून मला अजूनही भरून येतं.

तिथूनच बोटीने ग्रिनिचला जा. सहलीच्या बोटी वेगळ्या असतात. मी रोजच्या प्रवाशांची थेम्स क्लिपर्सची बोट घेते, बँकेचं कार्ड टेकवून चढता येतं, आत बसायला चांगल्या जागा आणि शौचालय आहे. मात्र धक्क्यांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, गुडघेवाल्यांसाठी फार महत्त्वाची. हे धक्के तरंगते आहेत, पाण्याबरोबर वर-खाली होतात. भरतीला काठावरून धक्क्यावर जाणारा पूल जवळजवळ सपाट असतो, आणि पूर्ण सुकतीला तोच चांगला तीव्र उतार होतो. म्हणून बाबांचा बोटीचा प्रवास भरतीच्या आगे-मागे दोन तासांत बसवा. एकदा एका आजोबांना मी ओहोटीला तिथून उतरवलं होतं. दोघांनी धरूनही त्यांचे पाय थरथरत होते. ती चूक मी पुन्हा केलेली नाही.

वाटेत डाव्या हाताला वॉपिंग, जुन्या वखारींचे घाट आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. पुढे काचेच्या उंच इमारती दिसतील, ते कॅनरी व्हार्फ. तिथे १८०२ मध्ये वेस्ट इंडिया गोद्या झाल्या. त्यापलीकडे ब्लॅकवॉल, जिथे ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लागायची. आपल्याकडच्या सुरत, मुंबई, मद्रासच्या वखारींची दुसरी बाजू म्हणजे हा काठ. याच नदीला १९५७ मध्ये शास्त्रज्ञांनी जीवसृष्टीच्या दृष्टीने मेलेली ठरवलं होतं. आज तिच्यात मासे आहेत आणि कॅनरी व्हार्फपाशी सीलसुद्धा दिसतात. मी दोनदा पाहिलेत. डोळे पाण्यावर ठेवा.

ग्रिनिचची वेधशाळा टेकडीवर आहे, चढ आहे. ताई, तुम्ही एकट्या जाऊन या, आई-बाबांना खाली कटी सार्क या जुन्या चहाच्या जहाजापाशी बसवा. १८३३ पासून वेधशाळेच्या माथ्यावरून रोज दुपारी एकला एक लाल गोळा खाली पडायचा आणि नदीतल्या जहाजांचे कप्तान तो बघून आपली घड्याळं लावायचे. इथली रेषा १८८४ मध्ये जगाने शून्य रेखांश म्हणून मान्य केली. आपले साडेपाच तास इथूनच मोजलेले. तुम्ही जाल तेव्हा उन्हाळी वेळ असल्याने फरक साडेचार तासांचा असेल, घरी फोन करताना तेवढं ध्यानात ठेवा.

तिसरा दिवस संग्रहालयाचा, आणि एकाच. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, टेट मॉडर्न, सगळीकडे प्रवेश फुकट आहे, त्यामुळे सगळीकडे डोकावायचा मोह होतो. एक निवडा आणि दोन तासांत बाहेर पडा. मी ब्रिटिश म्युझियम निवडते. वेळेची नोंदणी आधी ऑनलाइन करून जा. रोझेटा शिळेपाशी गर्दी असते, तिला दुरून बघून पुढे व्हा आणि असीरियाच्या, म्हणजे इराकमधल्या प्राचीन राज्याच्या, दालनात जा. निनेव्हच्या राजवाड्यातल्या भिंतींवर राजा असुरबनिपालाच्या सिंहाच्या शिकारीचा देखावा कोरलाय. त्यात एक सिंहीण आहे. पाठीत बाण घुसलेत, मागचे पाय लुळे पडलेत, आणि ती पुढच्या दोन पायांवर अंग ओढत गुरगुरतेय. सव्वीसशे वर्षांहून जुनं काम आहे. शिकार राजाची, पण शिल्पकाराचा जीव त्या सिंहिणीत होता असं मला वाटतं. आईंना नुसत्या इमारतींचा कंटाळा आहे ना, त्यांना हिच्यासमोर उभं करा. त्यानंतर अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पपट बघा. आंध्रातलं ते नाजूक काम लंडनमध्ये काचेमागे बघताना मन दोन्हीकडे ओढलं जातं, आणि तसं होणं साहजिक आहे.

प्रत्येक गटात कुणीतरी वाघनखांबद्दल विचारतंच. ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये होती, पण जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि आधी साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. तेव्हा फक्त तेवढ्यासाठी तिथे जाऊ नका. टिपूचा लाकडी वाघ मात्र तिथे आहे.

चौथा दिवस आपल्या माणसांचा. चॉक फार्म स्टेशनवरून थोडं चाललं की १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. बाहेरून रांगेतल्या इतर घरांसारखंच घर. पूर्वी एकदा लातूरकडचे एक निवृत्त शिक्षक माझ्या गटात होते. तीन दिवस ते फारसे बोलले नव्हते. या घराच्या पायरीशी त्यांनी बूट काढले, आत गेले, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध त्यांनी या शहरात लिहिला. थंडीत, अर्धपोटी. आणि मी पाच मिनिटं चालून दमलो म्हणतोय." त्यानंतर ते दिवसभर सगळ्यांच्या पुढे चालत होते.

घरापासून दहा मिनिटांवर प्रिमरोझ हिल आहे. चढ हलका, वर बाकं, आणि सगळं लंडन पसरलेलं दिसतं. डबा घेऊन जा, तिथेच जेवा.

वेळ आणि ताकद उरली तर मेडा व्हेलमध्ये १०, हाउली प्लेस. चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या खटल्यासाठी आलेले लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहिले. खाजगी घर आहे, भिंतीवरची निळी पाटी रस्त्यावरूनच वाचायची. जवळच कालवा आहे, त्याच्या काठी रंगीत लांब होड्या बांधलेल्या असतात. हायगेटला ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू, म्हणजे सावरकर राहत होते ते इंडिया हाउस, तिथेही पाटी आहे, पण ते उलट्या दिशेला आणि चढावर. एका दिवसात तिन्ही करू नका.

आता जे सोडलं त्याबद्दल. बकिंगहॅम राजवाड्यासमोरचा पहारेबदल रोज नसतो, आणि असतो तेव्हा तासभर उभं राहून समोरच्याची पाठ बघावी लागते. त्यापेक्षा व्हाइटहॉलला घोडेस्वारांचा पहारेबदल रोज अकराला, रविवारी दहाला होतो, तो जवळून दिसतो. लंडन आयमध्ये मी स्वतःहून कुणाला नेत नाही. उंचावरूनच बघायचं असेल तर फेंचर्च स्ट्रीटवरच्या स्काय गार्डनला प्रवेश फुकट आहे, फक्त नाव आधी नोंदवावं लागतं. वेस्टमिन्स्टर ॲबी आतून बघायचं तिकीट महाग आहे, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला कुणीही फुकट बसू शकतं, आणि त्या गायनासाठी तासभर बसणं बाबांच्या गुडघ्यांनाही बरं.

गुडघ्यांवरून आठवलं. भुयारी रेल्वे १८६३ पासूनची, त्यामुळे बऱ्याच जुन्या स्टेशनांत लिफ्ट नसते आणि जिने संपता संपत नाहीत. तुम्ही बसने फिरा. बसचं एक भाडं दिलं की तासाभरात हव्या तितक्या बस बदलता येतात. पंधरा नंबरची बस टॉवरपासून सेंट पॉल्सवरून ट्रॅफल्गर चौकात नेते, वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर आणखी काही नको. रोख पैसे बसमध्ये चालत नाहीत, आणि प्रत्येकाला स्वतःचं कार्ड लागतं, एका कार्डावर तिघं नाहीत. भुयारी रेल्वेने जायचंच असेल तर आधी एलिझाबेथ लाइन बघा, २०२२ मध्ये सुरू झालेली, तिच्या सगळ्या स्टेशनांत पायऱ्या न चढता जाता येतं. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली आणि सगळ्या संग्रहालयांतली शौचालयं फुकट आहेत, दिवस आखताना ती धरून आखा. याबद्दल विचारायला ज्येष्ठांना संकोच वाटतो, म्हणून मी स्वतःहूनच सांगते. रस्त्याच्या कडेला फोन हातात धरून नकाशा बघू नका, सायकलवरून येऊन हिसकावून नेतात. भिंतीला पाठ लावून बघा.

जेवण. युस्टन स्टेशनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर भारतीय शाकाहारी जेवण पूर्वीपासून मिळतं, आईंची एका वेळची काळजी मिटेल. नळाचं पाणी निर्धास्त प्या, बाटल्या विकत घेऊ नका. पावसाची भीती घालतात तितका पाऊस नाही. वर्षाचा जेमतेम ६०० मिलिमीटर, पुण्यापेक्षाही कमी. फक्त तो थोडा थोडा, कधीही पडतो. छत्रीपेक्षा टोपीचं जॅकेट बरं, कारण नदीवर वारा असतो.

शेवटच्या संध्याकाळी पुन्हा एम्बँकमेंटवर या, त्या इजिप्तच्या स्तंभापाशी, पहिल्या दिवशीच्याच वेळेला. भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, म्हणजे तीन दिवसांत अडीच तास झाले. आईंना पायऱ्या पुन्हा मोजू द्या. आकडा वेगळा असेल. मग वॉटर्लू पुलाच्या मध्यावर जा आणि तिथे बाबांना अंगात स्वेटर घालायला लावा. जून असला तरी नऊनंतर त्या पुलावर गार वारा सुटतो.